भावाचं लग्न, संपलेला व्हिसा आणि ६,८०० डॉलर

प्रश्न (मेल मोठा होता, इथे थोडक्यात): ताई, मी २०२१ पासून ओहायोत मटेरियल्स इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करतेय, घर कोल्हापूरला. एफ-वन (विद्यार्थी) व्हिसा जुलै २०२१ चा होता, पाच वर्षांचा, तो गेल्या महिन्यात संपला. आय-२० (युनिव्हर्सिटीचा प्रवेशाचा फॉर्म) मे २०२७ पर्यंत आहे, आय-९४ (देशात आल्याची नोंद) वर डी/एस आहे, म्हणजे कोर्स चालू असेपर्यंत राहायची परवानगी. २७ डिसेंबरला भावाचं लग्न आहे. प्लॅन असा की १८ डिसेंबरला निघायचं, लग्न उरकायचं, ४ जानेवारीच्या आठवड्यात मुंबईत स्टॅम्पिंग (पासपोर्टवर नवा व्हिसा) आणि १० ला परत, कारण ११ पासून माझं टीएचं (टीचिंग असिस्टंट) काम सुरू. महिन्याला हातात २,३५० डॉलर येतात, सगळं जाऊन ४५० उरतात, सेव्हिंग ६,८०० आहे. एमटेकचं लोन ४ लाख बाकी आहे, व्याज साडेअकरा टक्के, हप्ता १३,००० रुपये मीच भरते. बाबा म्हणतात तिकिटासाठी एफडी मोडतो. मैत्रीण म्हणते इंडियात जाऊन अडकण्यापेक्षा मेक्सिकोत करून टाक, स्वस्तात होईल. ऑक्टोबरमध्ये टोरांटोला कॉन्फरन्स पण आहे, तिथेच झालं तर? अडकलेच तर क्रेडिट कार्ड आहे, लिमिट ५,०००. काय करू? आणि प्लीज अहोजाहो नको.

बरं, अहोजाहो नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया कारण तुझ्या मेलमध्ये "व्हिसा संपला" हे वाक्य तीनदा आलंय आणि तिन्ही वेळा तू ते घाबरून लिहिलंयस. पासपोर्टवरचा शिक्का हा फक्त दारातून आत येण्यासाठी असतो, आत राहण्यासाठी नाही. आत तू राहतेस ती आय-२० आणि आय-९४ वर. डी/एस आहे, कोर्स चालू आहे, रजिस्ट्रेशन पूर्ण आहे, म्हणजे शिक्का संपलेला असतानाही तू तिथे पूर्णपणे कायदेशीर आहेस, डिफेन्स (थीसिसची शेवटची तोंडी परीक्षा) होईपर्यंत राहू शकतेस आणि त्यासाठी एक डॉलरही खर्च करायची गरज नाही. हे पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे, कारण याचा अर्थ असा की न जाण्याची व्हिसाच्या बाजूने किंमत शून्य आहे. व्हिसासाठी तुला कुठेच जावं लागत नाहीये. तुला लग्नाला जायचंय आणि लग्नाला गेलीस की परत आत यायला नवा शिक्का लागेल, एवढंच आहे ते. लग्न आणि स्टॅम्पिंग वेगळं काढता येत नाही. मी फायनान्शियल प्लॅनर आहे, लग्नाची किंमत मी लावणार नाही, ती तुझी तू लाव, मी फक्त सांगते की त्या आमंत्रणाला कुठलं बिल जोडलेलं आहे.

मैत्रिणीचा मेक्सिकोचा सल्ला काही वर्षांपूर्वी ठीक होता, बरेच जण जायचे. आता विसर. ६ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेच्या स्टेट डिपार्टमेंटचं म्हणणं असं आहे की नॉन-इमिग्रंट व्हिसाचा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच करायचा. तू भारतीय नागरिक आणि राहतेस अमेरिकेत, जिथे हा शिक्का मिळत नाही, म्हणजे तुझ्यासाठी दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, संपला विषय. तिसऱ्या देशात जाऊन अर्ज केलास आणि या कारणाने नाही म्हणाले तर भरलेली फी परत मिळत नाही, इकडून तिकडे ट्रान्सफरही होत नाही. ड्रॉपबॉक्सबद्दलही कोणीतरी सांगेलच तुला, "अगं मी तर नुसते कागद टाकले होते". तेही २ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांसाठी बंद झालंय, आता समोर उभं राहून इंटरव्ह्यू द्यायचा. आपल्याकडे दोन-तीन वर्षांपूर्वीचे अनुभव आजचा नियम म्हणून सांगायची फार हौस आहे लोकांना, आणि त्यावर माणसं तिकिटं काढून मोकळी होतात.

टोरांटोचं मात्र वेगळं आहे आणि इथे तुझा फायदा आहे. कॅनडात ३० दिवस किंवा त्यापेक्षा कमी राहून परत येणाऱ्याला शिक्का संपलेला असला तरी आत घेतात, त्याला ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन म्हणतात, नियमाचा नंबर २२ सीएफआर ४१.११२, त्याचं एक पान प्रिंट काढून फाइलमध्ये ठेव कारण एअरलाइनच्या काउंटरवरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही. आय-९४, पासपोर्ट आणि आय-२० वर इंटरनॅशनल ऑफिसची वर्षभरातली ट्रॅव्हल सही हवी. पण तुझ्या प्रश्नातला "तिथेच झालं तर" हा भाग फार धोक्याचा आहे, कारण त्या ट्रिपमध्ये तू अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केलास की ही सवलत तुला लागू होत नाही. म्हणजे कॉन्फरन्सला जा, पेपर वाच, परत ये, कॉन्सुलेटकडे फिरकू नको. खर्चात कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाचे १०० आणि बायोमेट्रिक्सचे ८५ धर, म्हणजे १८५ कॅनेडियन डॉलर. ते डिपार्टमेंटकडून मागून घे, कॉन्फरन्सचा खर्च आहे तो, लाजू नको.

आता डिसेंबर.

तू मला जो हिशोब पाठवलास त्यात तिकीट १,४८०, व्हिसा फी १८५, लग्नाचे कपडे-आहेर वगैरे ५०० आणि खाली टोटल २,१६५ असं लिहून दोन रेघा मारल्यास. टोटल बरोबर आहे, हिशोब अर्धा आहे. सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० तू धरले नाहीस ते बरोबरच, जुना सेव्हिस नंबर चालू असताना ते परत भरावे लागत नाहीत. पण जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यात व्हिसा इंटिग्रिटी फी म्हणून २५० डॉलर आहेत, ते बजेटमध्ये टाकून ठेव, नाही लागले तर वाचले. कोल्हापूर-मुंबई जाणं-येणं आणि राहणं याचे दीडशे धर, कारण बायोमेट्रिक्सची अपॉइंटमेंट वेगळी आणि इंटरव्ह्यूची वेगळी असते, महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरून संध्याकाळी परत असं होणार नाही. तिकीट तारीख बदलता येईल असंच घे, त्याचे तू विचारलेल्या एअरलाइनकडे १४० जास्त आहेत, ते दे. झाले २,७०५. हा जाण्याचा खर्च.

आणि आता अडकण्याचा खर्च, जो तुझ्या कागदावर नाहीच आहे. तुझ्यासारखे जे जे माझ्याकडे येतात त्यांच्या कागदावर तो नसतो, कारण तो खर्च झाला तर होतो नाहीतर होत नाही आणि असल्या गोष्टी टोटलमध्ये लिहायला हात धजत नाही.

तुझ्या विषयात तो लिहायलाच हवा. मटेरियल्स, थिन फिल्म्स, सेमीकंडक्टर असं काही कागदावर दिसलं की इंटरव्ह्यू छान होऊनसुद्धा २२१-जीची चिठ्ठी हातात पडू शकते, म्हणजे अंतिम नकार नाही पण होकारही नाही, आणखी तपासणी चालू आहे, कळवू. कळवू म्हणजे दोन आठवडे असेल किंवा दोन-तीन महिनेही. माझा एक क्लायंट होता, असाच रिसर्चवाला, एका शहरात इंटरव्ह्यू दिला आणि चिठ्ठी घेऊन घरी आला. फेब्रुवारीतल्या एका रात्री साडेनऊला तो माझ्यासमोर बसून लॅपटॉपवर त्याच्या तिकडच्या रूममेटला व्हिडिओवर भांडी दाखवायला सांगत होता, हा कुकर ठेव, ती कढई दे कोणाला तरी, गादी बाहेर ठेवून दे, कारण खोलीचा करार संपत होता आणि हा इथे. तो हसत हसत सांगत होता पण मी समोरच्या कागदावर बघत होते, त्याच्या खात्यात ३१० डॉलर होते आणि कार्डावर चार हजारांच्या वर. शेवटी त्याला व्हिसा मिळाला, पुढे नोकरीही लागली. पण ते कार्ड फेडायला दीड वर्ष गेलं.

म्हणून तुझा अडकण्याचा महिन्याचा दर काढूया. इथे बरेच जण एक चूक करतात, बुडालेला स्टायपेंड २,३५० आणि वर भाडं, बिलं असं दोन्ही मिळवतात आणि मग घाबरतात. दोनदा मोजू नको. भाडं तू स्टायपेंडमधूनच देतेस ना. दोन वेगळे प्रश्न आहेत: माझं नुकसान किती, आणि माझ्या खात्यातून दर महिन्याला रोख किती जाणार. तुला आत्ता दुसऱ्याचं उत्तर हवंय कारण खातं रिकामं होतं ते रोखीने. तुझ्याच यादीतून घेते: भाडं ७८०, बिलं आणि फोन १२०, गाडीचा इन्शुरन्स ९५, लोनचा हप्ता साधारण १५०. जेवण तिकडचं बंद कारण घरी जेवशील. झाले ११४५. हा तुझा दर. आठवड्याला म्हणशील तर २६५ च्या आसपास.

तीन महिने धर, ३,४३५. तारीख बदलताना भाड्यातला फरक ३०० धर. आणि एक गोष्ट जी कोणीच धरत नाही, ती म्हणजे परत गेल्यावर पहिला पगार लगेच येत नाही, पेरोल परत सुरू व्हायला महिना जातो आणि त्या महिन्यात तू तिकडे जेवणारही आहेस, त्याचे १,५०० धर. टोटल ५,२३५. हा तुझा अडकण्याचा फंड.

आता बघ. आज ६,८००, डिसेंबरपर्यंत चार महिने साडेचारशेप्रमाणे १,८००, म्हणजे निघताना ८,६००. त्यातून जाण्याचा खर्च २,७०५ गेला, उरले ५,८९५. अडकण्याचा फंड ५,२३५. हातात ६६० राहतात. म्हणजे जमतंय, पण शर्टाचं वरचं बटण लावल्यासारखं जमतंय. मधल्या चार महिन्यांत गाडीने काही काम काढलं की हे गणित गेलं, तेव्हा तो तुझा नवीन मॉनिटर घ्यायचा विचार जानेवारीनंतर.

अडकण्याची शक्यता किती टक्के असं तू विचारलंयस. त्या टक्क्यांनी तुझं काही होणार नाही. शंभर जण गेले आणि नव्वद वेळेत परत आले तरी तुझा खर्च त्या सरासरीने होणार नाहीये, तू एकदाच जाणार आहेस, एक तर अकराला वर्गात उभी असशील नाहीतर कोल्हापुरात. म्हणून प्रश्न असा विचारायचा की वाईट बाजू निघाली तर मी कर्ज न काढता तीन महिने तग धरू शकते का. हो असेल तर पुढे बोलू. तुझ्या बाबतीत काठावरचा हो आहे.

आणि कार्ड हा अडकण्याचा फंड नाही, प्लीज. वीस टक्क्यांच्या वर व्याज, भारतात स्वाइप केलंस तर बऱ्याच कार्डांवर ३ टक्के फॉरेन ट्रान्झॅक्शन फी वेगळी, आणि पगार नसताना किमान रक्कम भरत राहणं म्हणजे काय होतं ते वर सांगितलंच. कार्ड तिकडच्या बिलांच्या ऑटोपेला ठेव आणि ते ऑटोपे खात्यातून पूर्ण भरलं जाऊ दे. त्यासाठी तिकडचा फोन नंबर इकडे चालू हवा, हे लोक हमखास विसरतात. भाचीसोबत मी बीकेसीत कॉन्सुलेटबाहेर उभी होते, आत फोन नेता येत नाही म्हणून तिचा फोन माझ्या पर्समध्ये, आणि नेमका त्या तासाभरात तिच्या अमेरिकन बँकेचा कोड तीनदा येऊन गेला कारण तिचा रूममेट तिकडे भाडं ट्रान्सफर करायला बसला होता. मी कोड वाचून दाखवणार कोणाला! वायफाय कॉलिंग निघायच्या आधी चालू करून, एकदा टेस्ट करून ये.

आता नुकसानाचा प्रश्न, जो खरा मोठा आहे आणि ज्याच्यावर माझा सल्ला उभा आहे. तू लिहिलंयस की मे २०२७ ला डिफेन्स, मग ९२ हजारांच्या आसपास नोकरी, म्हणजे हातात महिन्याला अंदाजे ५,८००. तू तीन महिने अडकलीस आणि त्यामुळे डिफेन्स चार महिने पुढे गेला तर बुडालेला स्टायपेंड ७,०५०, वर ते चार महिने ५,८०० ऐवजी २,३५० वर काढायचे, त्याचे १३,८००. वीस हजारांच्या वर गेलं हे. यापुढे तिकीट १,४८० की १,३५० यावर तू जी तीन संध्याकाळ घालवलीस ती बघ जरा.

हे ऐकून तू म्हणशील मग जातच नाही. थांब. दुसरी बाजू पण आहे. आत्ता नाही गेलीस तर हा शिक्का कधीतरी लागणारच आहे, फक्त पुढे ढकलला जाईल. ओपीटीवर (पदवीनंतर याच व्हिसावर नोकरी करायची मुदत) नोकरी करताना घरी काही झालं, जावंच लागलं, तर तेव्हा स्टॅम्पिंग होईल, तेव्हा आय-२० वरची सही वर्षाची नाही, सहा महिन्यांचीच धरतात, आणि तेव्हा अडकलीस तर महिन्याला ५,८०० बुडतात, तीन महिन्यांचे १७,४००. आकड्यात आत्ताच्यासारखंच झालं ते. फरक असा आहे की युनिव्हर्सिटी तुझी जागा ठेवते, नवीन कंपनी ठेवेल का हे तिच्या मर्जीवर. आणि आत्ता नवीन शिक्का पाच वर्षांचा मिळाला तर तोच एफ-वन शिक्का ओपीटी आणि नंतरची स्टेमची (विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना मिळणारी जादा) दोन वर्षं अशी तीन वर्षं चालतो, त्या काळात आई-बाबांना भेटायला जाताना परत ही सगळी धाकधूक नाही. म्हणजे या ट्रिपमधून तू लग्नाबरोबर तीन वर्षांची ये-जा विकत घेतेयस. ही गोष्ट तुझ्या दोन रेघांच्या टोटलमध्ये नव्हती.

तेव्हा माझं मत जाण्याच्या बाजूने आहे, पण तुझ्या प्लॅनप्रमाणे नाही. तुझा प्लॅन उलटा आहे. लग्न आधी, इंटरव्ह्यू नंतर, आणि इंटरव्ह्यू ते वर्ग यात एक आठवडा. चिठ्ठी मिळाली तर तुझ्याकडे सहा दिवस उरतात. इंटरव्ह्यू आधी, लग्न नंतर असं कर. ९-१० डिसेंबरला निघ, बायोमेट्रिक्स आणि इंटरव्ह्यू १४ ते १८ च्या आठवड्यात. नीट झालं तर पासपोर्ट लग्नाच्या आधी हातात येईल आणि तू मोकळ्या मनाने नाचशील, नाही झालं तर तपासणीला साडेतीन आठवडे मिळतात, त्यात २५ डिसेंबर आणि १ जानेवारीच्या सुट्ट्या गेल्या तरी. तिकीटही महिन्याच्या पहिल्या भागात बहुतेक स्वस्त पडेल. परीक्षांच्या पेपर तपासणीचं काय हे तुला प्रोफेसरांशी बोलावं लागेल, ते बोल.

आणि क्रम लक्षात ठेव: डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भर, फी भर, स्लॉट (इंटरव्ह्यूची तारीख) घे, मग तिकीट. तिकीट काढून स्लॉट शोधणारे मला दरवर्षी भेटतात. १८५ ची पावती ३६५ दिवस चालते, परत मिळत नाही पण आज भरून ठेवायला हरकत नाही. डिसेंबरच्या त्या आठवड्यातला स्लॉट नाहीच मिळाला तर "लग्न आहे" या कारणावर इमर्जन्सी अपॉइंटमेंट मिळत नाही, ते त्यांनी स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे त्यावर विसंबू नको. २०२१ मध्ये तू रात्र रात्र जागून रिफ्रेश करत बसली असशील, त्याची प्रॅक्टिस आहेच. सोशल मीडिया अकाउंट्स पब्लिक ठेवायला लागतात आता विद्यार्थ्यांना, जून २०२५ पासून, ते फुकटचं काम आहे, आजच करून टाक.

पण या सगळ्यापेक्षा मोठी अट वेगळीच आहे. तुझे लॅबमधले प्रयोग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपतात का? हा प्रश्न फायनान्शियल प्लॅनरने का विचारावा असं वाटेल. पण वरचे वीस हजार सगळे या एका गोष्टीवर आहेत. मशीनवरची शेवटची सॅम्पल्स बाकी असतील आणि तू कोल्हापुरात असशील तर प्रत्येक आठवडा डिफेन्सला एक आठवडा मागे ढकलतो. प्रयोग संपलेले असतील आणि फक्त लिहायचं उरलं असेल, तर अडकणं म्हणजे आईच्या हातचं खात चॅप्टर लिहिणं. तेव्हा तुझं नुकसान वीस हजारांवरून खाली येऊन फक्त बुडालेल्या स्टायपेंडपुरतं राहतं. त्यासाठी डेटा सोबत नेता येतो का, कुठला लॅपटॉप नेता येतो, हे युनिव्हर्सिटीला आधी विचार, तुझ्या विषयात एक्सपोर्ट कंट्रोलचे (संवेदनशील तंत्रज्ञान देशाबाहेर नेण्यावरचे) नियम असतात आणि तिथे चूक महागात पडते.

अॅडव्हायजरकडे आणखी एक मागणी कर. स्प्रिंगला (जानेवारीच्या सेमिस्टरला) टीए ऐवजी आरए (रिसर्च असिस्टंटचं काम) मिळतं का बघ. टीएला ११ तारखेला वर्गात माणूस लागतो, तू नसशील तर दुसऱ्याला घेतील आणि तुझा सेमिस्टरभराचा स्टायपेंड गेला. आरए असेल तर उशिरा सुरू करता येऊ शकतं. बाहेरच्या देशातून काम करून पगार घेता येईल का हे मात्र त्याच्या तोंडी "हो हो बघू" वर सोडू नको, पेरोलचं आणि इंटरनॅशनल ऑफिसचं ईमेलवर उत्तर घे. इंटरनॅशनल ऑफिसला हेही सांगून ठेव की मी अडकले तर रजिस्ट्रेशनचं काय करायचं, कारण सेमिस्टर सुरू झाल्यावर कळवणं आणि आधी कळवणं यात स्टेटसच्या दृष्टीने फार फरक पडतो, आणि पाच महिन्यांच्या वर बाहेर राहिलीस तर जुन्या आय-२० वर परत येणं अवघड होऊन बसतं.

कागदांमध्ये तुझ्या रिसर्चबद्दल एक पान साध्या भाषेत लिहून घे, सीव्ही, पब्लिकेशनची यादी, अॅडव्हायजरचं पत्र सोबत ठेव. चिठ्ठी मिळाली तर बहुतेक हेच मागतात आणि ते तयार नसल्यामुळे पहिला आठवडा असाच जातो. तुझ्या दराने २६५ डॉलरचा आठवडा.

खोलीचं पण बघ. करारात सबलेटला (आपली खोली दुसऱ्याला भाड्याने द्यायला) परवानगी आहे का हे घरमालकाला आत्ता विचार, अडकल्यावर नाही. परवानगी असेल आणि एक महिना गेल्यावर कोणी मिळालं तर ११४५ मधले ७८० निघून जातात, दर थेट ३६५ वर येतो. रूममेटकडे गाडीची चावी आणि दोन ओळींचं पत्र ठेवून ये. ट्रॅव्हल इन्शुरन्सवर भरवसा ठेवू नको, व्हिसा उशिरा मिळाला किंवा नाकारला हे साध्या पॉलिसीत धरलेलं नसतं, एजंट काहीही म्हणो.

म्हणजे लॅबचं काम संपत असेल आणि लग्नाआधीच्या आठवड्यातला स्लॉट हातात असेल तर जा. या दोनपैकी एक जरी नसेल तर मी नाही म्हणेन, लग्न असूनसुद्धा, आणि मला माहितीये की घरी हे सांगणं किती कठीण जाईल. पण ते सांगायचंच झालं तर ऑक्टोबरमध्ये सांग, २० डिसेंबरला नाही. बाकीच्या गोष्टी, आरए, सबलेट वगैरे, जमल्या तर उत्तम.

राहिली बाबांची एफडी. दीड लाखाची आहे म्हणालीस, सात टक्क्यांवर. ती तिकिटासाठी मोडायची नाही. मुदतीआधी मोडली की व्याजात कापतात, आणि मुख्य म्हणजे तिकिटाचे पैसे तुझ्याकडे आहेत, नाहीयेत ते अडकल्यावरचे. बाबांना मदत करायचीच आहे ना, तर त्यांना असं सांग की तिकीट मी काढते, पण फेब्रुवारीत मी कोल्हापुरातच असेन तर तीन महिने १३,००० चा हप्ता तुम्ही भरा. ३९,००० होतात. त्यासाठीही एफडी मोडायला नको, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज, वापरला तेवढ्यावरच. तुझे १५० दर महिना वाचले की ११४५ चे ९९५ होतात आणि ते काठावरचे ६६० चे १,११० होतात. नाही अडकलीस तर बाबांचा एक रुपया गेला नाही आणि एफडी जिथल्या तिथे. त्यांना हे फोनवर नाही, आकडे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव, तुझ्या बाबांनी एफडीच्या पावतीचा फोटो तुला पाठवला त्यावरून मला वाटतं ते कागदवाले आहेत.